साठवण क्रमांक दोन

मानवतच्या जिनिंगमध्ये वैशाखात कापूस नसतो,
असते सरकीचा वास धरून बसलेली फरशी.
तिथं आम्ही दवाखाना उभा केला,
कूलरच्या, फ्रिजच्या, टीव्हीच्या खोक्यांचा.
बांबूला सुतळीनं आवळलेल्या पुठ्ठ्याच्या भिंती,
खाली चुन्याच्या रेघा, कबड्डीच्या मैदानासारख्या.

नकाशा माझा होता.
बांधकाम खात्यात अकरा वर्षं,
तीन तहसील कचेऱ्या, एक पंचायत समिती,
आणि कितीतरी भिंती,
ज्या कुठं घालायच्या ते मी कुणालाच विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी फक्त मोजायचं होतं.
सिस्टर पंचशीला वाव्हळांच्या कमरेला लोकरीचं टोक बांधलं,
म्हटलं, रोजच्यासारखं काम करा.
त्या निघाल्या.
खाट ते सलाईन, सलाईन ते कपाट,
कपाटाची किल्ली इन्चार्जकडे, इन्चार्ज ओपीडीत,
परत खाट, सुई राहिली, परत कपाट.
अर्ध्या तासात गुंडा संपला.
माझा नकाशा म्हणजे
बाभळीत अडकलेला मांजा.

"एवढं कामून चालायलात, सिस्टर?"
"मी कुठं चालायले?
तुमची भिंत चालवायलीय."

दुसऱ्या दिवशी खिल्लारे मामांनी स्ट्रेचर आणलं,
खरंखुरं, एका चाकानं वाकडं.
त्यावर आडवं व्हायला कुणी तयार होईना,
बरंवाईट बोलू नये तसं झोपूही नये म्हणे,
म्हणून मी झालो.
कोपऱ्यावर ते वळेना.
मामांनी कुणाला विचारलं नाही,
पायानंच भिंत ढकलली दीड हात मागं.
सहा महिन्यांचा मंजूर नकाशा
सरकताना एवढाच आवाज: खस्स.

आडवं पडल्यावर कळलं,
पत्र्याच्या भोकातलं ऊन नेमकं डोळ्यांत येतं.
छताखाली कुणी पडलेलं असतं
हे मी कधी काढलंच नव्हतं.

मग रोज काहीतरी हललं.
शहाजहानबींची मोरी त्रेपन्न पावलांवरून नवावर आली.
औषधं कपाटातून खाटेजवळच्या ट्रेमध्ये आली,
संपली की ट्रे उलटा, लाल बाजू वर,
बस, कुणी ओरडायचं नाही.
एकच माहिती तीन वह्यांत लिहायची पद्धत
डॉ. फारुकींनी स्वतःच्या हातानं फाडली
आणि तिच्यावर भजी खाल्ली.
पाचव्या दिवशी लोकर उरली.
उरलेला गुंडा सिस्टरांनी पिशवीत टाकला,
नातीच्या टोपीला.

वाया जाणारं सगळं काढून टाकायचं, असं ठरलं होतं.
शेवटी एक तुकडा राहिला, सात बाय पाच,
मागच्या दाराशी,
कुणाच्याच रोजच्या वाटेवर नसलेला.
मी चुन्यावर पाय घासायला लागलो.

"राहू द्या साहेब तेवढं."
शहाजहानबींनी झाडू भिंतीला टेकवला.
भिंत जरा कलली.
"माणूस गेलं की बाया जिन्याखाली येतात,
माझ्या बादल्यांत बसून रडतात.
मी बादली घ्यायला उभी.
त्यांना घाई होते,
मला बी."

स्टॉपवॉच ज्याच्या हातात होतं
त्यानं ते खिशात ठेवलं.
डॉ. फारुकी चहाच्या कपात बघत म्हणाले,
"मला वाटायचं, तिथं मी एकटाच जातो."

दरसूची मी दोनदा चाळली.
या कामाला शीर्ष नाही.
मग लिहून टाकलं: साठवण क्रमांक दोन.
पूर्वेला खिडकी. बसण्याएवढा कडप्प्याचा कट्टा.
कडी आतून.

सही करताना मोठ्या साहेबांचं पेन थांबलं.
"साठवण दोन?
मग एक कुठाय?"

"जुन्या इमारतीत, साहेब.
जिन्याखाली."